ताटलीतली कादंबरी

एकाहत्तराव्या वर्षी माणसानं प्रेमकथा वाचू नये, असा कायदा आमच्या इजिप्तमध्ये नाही. मी चौकशी केली आहे. पण वाचलीच तर ती ताटलीत घालून दुसऱ्या मजल्यावर पाठवू नये, एवढं तरी कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. एरवी शुब्रा वस्तीतल्या आमच्या इमारतीत सल्ल्यांचा तुटवडा नाही. मला साधी शिंक आली तरी चार मजल्यांवरून चार औषधं सुचवली जातात. नेमक्या त्या बुधवारी मात्र सगळे गप्प होते.

दोष द्यायचाच तर शुक्रवारच्या फोनला द्यावा लागेल. माझी मुलगी निहाल मॉन्ट्रियलला एका दातांच्या दवाखान्यात काम करते. शुक्रवारी दुपारी मी नमाज पढून परत येतो, तेव्हा तिच्याकडे सकाळ असते आणि कामावर निघायच्या आधी ती मला फोन करते. कार्यक्रम ठरलेला. ती विचारते, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो. ती विचारते, गोळी घेतली का. मी म्हणतो, घेतली. मी विचारतो, थंडी आहे का. ती म्हणते, आहे. जुलैमध्ये ती ‘नाही’ म्हणते, तेवढाच बदल. मग आम्ही एकमेकांना जपून राहायला सांगतो आणि फोन ठेवतो. एकूण सहा मिनिटं. माझी बायको सुआद होती तेव्हा हेच फोन तासतासभर चालायचे आणि मी शेजारच्या खोलीतून “बिल येईल, बिल!” म्हणून ओरडायचो. सुआदला जाऊन आता चार वर्षं झाली. तेव्हापासून बिलाची भीती उरलेली नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी, गोळी आणि थंडी यांच्या मध्ये, मला फोनमधून पान उलटल्याचा आवाज आला.

“निहाल, तू वाचतेयस?”

“नाही हो, बाबा.” पुन्हा एक पान उलटलं. “म्हणजे, जरासं. एक कादंबरी आहे. सध्या सगळ्याजणी वाचतायत. तुमच्या कामाची नाही.”

“का? मी काय अंगठेबहाद्दर आहे?”

“प्रेमकथा आहे, बाबा.”

“मग? तुझ्या आईशी लग्न मी काय टेंडर काढून केलं होतं?”

ती हसली. खदाखदा हसली. सुआद गेल्यापासून तिचं ते हसणं मी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी आमचा फोन अकरा मिनिटं चालला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतच होतो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच खुर्चीत बसून राहिलो आणि ठरवलं की ही कादंबरी आपण वाचायची, नीट अभ्यास करून वाचायची, आणि दर शुक्रवारी तिच्याशी त्यावर बोलायचं.

कादंबरीचं नाव होतं ‘मधल्या मजल्यावर तू’. मी बत्तीस वर्षं सरकारी लिफ्ट-निरीक्षक होतो. नावावरून मला वाटलं, विषय अगदीच परका नाही.

आधी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे गेलो आणि हळूच विचारलं. आमच्या पेपरवाल्याला हळू आवाज ठाऊक नाही. तो रस्त्यापलीकडच्या फळवाल्याला ओरडून म्हणाला, “अरे, ती प्रेमाची कादंबरी राहिलीय का रे तुझ्या बायकोकडे? उस्ताद रिफअतना हवीय!” उस्ताद रिफअत म्हणजे मी; आमच्याकडे शिकल्यासवरल्या माणसाला मानानं उस्ताद म्हणतात. फळवाल्याच्या बायकोनं ती बहिणीला दिली होती. ही माहितीही मला रस्त्यापलीकडूनच मिळाली, आणि बरोबर इस्त्रीवाल्यालाही मिळाली. ‘या वयात?’ असं तो तोंडानं म्हणाला नाही, इस्त्री मात्र त्यानं उभी करून ठेवली.

मग मी वस्तीतल्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी यादी पाहिली.

“आहे. पण तरुण विभागात आहे. एकविसाच्या वरच्यांना तिथे सभासद होता येत नाही.”

“मग माझ्यासारख्यानं काय करायचं?”

“पालक व्हायचं. पाल्याच्या नावावर पुस्तक मिळतं, सही पालकाची. पाल्य आहे?”

“आहे.”

“वय?”

“त्रेचाळीस.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण त्या सरकारी नोकरीत मुरलेल्या होत्या. “जन्मदाखला आहे का तिचा?”

“आहे.”

“मग घेऊन या. ‘जन्मदाखला जोडावा’ असं अर्जात आहे, वय मोजावं असं नाही. वय मोजायचं काम वरच्या मजल्यावर, आणि ते लोक फक्त मंगळवारी असतात.”

मी घरी आलो. घर पाचव्या मजल्यावर आणि लिफ्ट दोन वर्षं बंद. लिफ्ट-निरीक्षकाच्याच इमारतीची लिफ्ट बंद, यावर शेजाऱ्यांनी आजवर केलेले विनोद मी इथे देत नाही. दाखला सापडला. पाल्याचे दोन फोटोही लागणार होते, आणि तसले छोटे फोटो घरात फक्त तिच्या चौथीतले होते, दोन वेण्या आणि पुढचा एक दात पडलेला. तेच चिकटवले आणि पुन्हा वाचनालय गाठलं. ‘पालकाची सही’ असं लिहिलेल्या रेघेवर शेवटची सही मी तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर केली होती. हात जरा थांबला.

“पेन चालत नाही का?” बाईंनी विचारलं.

“चालतंय,” मी म्हणालो आणि सही केली.

अशा रीतीनं ‘मधल्या मजल्यावर तू’ माझ्या घरी आली. मुखपृष्ठ गुलाबी. मी एका हातात पेन्सिल घेतली, दुसऱ्या हातात निरीक्षणाची वही. पहिल्याच दिवशी तांत्रिक आक्षेप सुरू झाले. नायक यूनुस आणि नायिका तालिया चाळिसाव्या पानावर तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकतात ते एकाहत्तराव्या पानापर्यंत. चार तास! धोक्याची घंटा कुठे गेली? वजनाची पाटी कुठे आहे? आणि दिवे बंद असताना तिच्या डोळ्यांचा मधासारखा रंग त्याला दिसला कसा? माझ्या नोकरीत शेकडो माणसं लिफ्टमधून काढली. अडकलेली माणसं प्रेमात पडत नाहीत, ती चौकीदाराच्या आईबापांचा उद्धार करतात. पहिल्या शुक्रवारपर्यंत माझे नऊ मुद्दे तयार होते, क्रमांक घालून.

फोन आला. “जेवलात का?” “जेवलो. निहाल, त्या कादंबरीबद्दल—” “बाबा, आज फार उशीर झालाय हो. पुढच्या वेळी बोलू. गोळी घेतली ना?”

तीन मिनिटं. मी वही मिटली. त्यात तिची काही चूक नव्हती, हे मी स्वतःला संध्याकाळपर्यंत समजावत होतो.

पण वाचन सोडलं नाही. खरं सांगायचं तर आता ते सुटत नव्हतं. एकशे चाळिसाव्या पानावर माझा चहा उतू गेला. एकशे साठाव्या पानावर उकडत ठेवलेल्या पावट्यांचं भांडं करपलं, म्हणजे माझा नाश्ता, दुपारचं जेवण आणि उद्याचा नाश्ता. यूनुसनं तालियाला एका परक्या पुरुषाबरोबर पाहिलं. तो तिचा मावसभाऊ होता. ते बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी काही करू शकत नव्हतो. तीन महिने हा माणूस तिला फोन करत नाही! मी बाल्कनीत बसून ओरडलो, “फोन कर ना, गाढवा!”

खालून चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर लबीब म्हणाले, “कुणाला?” हे निवृत्त औषधविक्रेते. डॉक्टर नाहीत, पण चाळीस वर्षं पांढरा कोट घातल्यावर लोक म्हणू लागतात.

“यूनुसला,” मी म्हणालो.

“कोण यूनुस?”

“आहे एक. तुम्ही ओळखत नाही.”

शेवटी दोनशे बाराव्या पानावर यूनुस परत आला. गच्चीवर, कबुतरांच्या खुराड्यांशेजारी, त्यानं तालियाला लग्नाची मागणी घातली. आणि ती हो म्हणणार असं दिसू लागलं. इथे माझी बुद्धी थांबली. तीन महिने न बोललेल्या माणसाला हो कसं म्हणायचं? शुक्रवार दोन दिवसांवर होता आणि मुलीसमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. बाईमाणसाचं मत घेणं भाग होतं. माझ्या ओळखीत बाईमाणूस एकच उरलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या मदाम फौकिया.

मदाम फौकिया मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. विधवा, वय पासष्ट, आवाज अजून वर्गातलाच. सुआद गेल्यापासून दर मंगळवारी त्या खालून पुकारतात, “उस्ताद, टोपली सोडा!” मी बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली सोडतो आणि द्राक्षाच्या पानांत भात भरलेल्या गुंडाळ्यांची ताटली वर येते. बुधवारी ताटली परत जाते. आता, शेजारणीची ताटली आमच्याकडे रिकामी पाठवत नाहीत. जे आलं त्याच्या तोलाचं काहीतरी ठेवायचं, आणि जे ठेवाल ते तुमचं उत्तर समजलं जातं. साखर म्हणजे आभार. घरी केलेलं गोड म्हणजे येणंजाणं वाढवावं. हे सगळं सुआद पाहायची. मी चार वर्षं संत्र्यांवर निभावलं होतं.

त्या बुधवारी घरात संत्री नव्हती. मी ताटली पुसली, कादंबरी तिच्यावर ठेवली, दोनशे बाराव्या पानात चिठ्ठी घातली: ‘कृपया हे पान वाचून मत कळवावं.’ आणि टोपली सोडली.

चौथ्या मजल्यावर डॉक्टर लबीबनी दोरी धरली. जाणाऱ्या-येणाऱ्या टोपल्यांची तपासणी ते स्वखुशीनं करतात. मला वरून त्यांचं टक्कल दिसत होतं, आणि ते टक्कल वाचत होतं.

“उस्ताद! ताटलीत चुकून काहीतरी गेलंय!”

“चुकून नाही. जाऊ द्या खाली.”

“पूर्ण विचार केलाय?”

“डॉक्टर, दोरी सोडा!”

हे संभाषण दोन बाल्कन्यांतून ओरडून झालं, म्हणजे गल्लीनं ऐकलं. खाली दोन हातांनी टोपली आत ओढली आणि मदाम फौकियांच्या बाल्कनीचं दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीदार शहाता पाचव्या मजल्यापर्यंत चढून आला. शहाता बक्षिसीखेरीज दुसऱ्या मजल्याच्या वर चढत नाही.

“मुबारक हो, उस्ताद!” त्यानं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. “घराला रंग काढायला हवा. पिस्त्याचा हिरवा घ्या. माझ्या मेव्हण्याचा धंदा आहे. आणि नवी नवरी काय पाच मजले चढणार? आता तरी लिफ्टचं मनावर घ्या. सगळी इमारत तुमच्याकडे डोळे लावून बसलीय.”

“कुठली नवरी?”

शहातानं डोळा मारला आणि खाली गेला. मी डॉक्टर लबीबना गाठलं.

“मी ख्रिश्चन माणूस,” ते हात जोडल्यासारखे करत म्हणाले, “तुमच्यातल्या पद्धती मला काय कळणार? पण उस्ताद, एकट्या बाईला एकट्या पुरुषानं प्रेमाची कादंबरी पाठवली. ताटलीत घालून. मागणी घालतात त्या पानावर खूण करून. आता राहिलं काय? काझी तेवढा टोपलीत बसवायचा राहिला.”

मी जिन्याकडे वळलो. “मी आत्ताच्या आत्ता जाऊन सांगतो, तसं काही नाही म्हणून!”

“आणि सगळ्या इमारतीसमोर त्या बाईला नकार द्याल? काय बिघडवलंय तिनं तुमचं?”

मी जिन्यातच बसलो. ते बरोबर बोलत होते. त्या बाईनं चार वर्षं मला जेवू घातलं होतं. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं, आणि माझं काही न बोलणं इमारतीनं लाजणं समजलं. इस्त्रीवाल्यानं न सांगता माझा सूट नेऊन कडक इस्त्री करून आणला. फळवाल्यानं संत्र्यांऐवजी सफरचंदं बांधली. म्हणाला, आता संत्री शोभत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरून मात्र चकार शब्द नाही. त्या शुक्रवारी निहालनं विचारलं, “काही विशेष?” आणि मी म्हणालो, “काही नाही.” साडेपाच मिनिटं.

सोमवारी फोन वाजला. निहाल! सोमवारी! मी धावतच उचलला.

“बाबा, शहातानं मला मेसेज केलाय. खरं आहे?”

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, “चांगलं झालं हो, बाबा. अगदी मनापासून सांगते. मला किती काळजी असायची. आता निदान शुक्रवारची तरी...” आणि थांबली.

“शुक्रवारची तरी काय?”

“काही नाही. माझी सकाळी धावपळ होते ना, म्हणून.”

म्हणजे शुक्रवार हे तिच्या डोक्यावरचं ओझं होतं आणि ते आता मदाम फौकियांनी उचललं होतं. मला फार लागलं. लागलं की मी अकडून बसतो, हा माझा जुना आजार आहे. मी म्हणालो, “हो. आता तू काळजी करू नकोस.”

शुक्रवारी नमाज पढून आलो. दोन वाजले, तीन वाजले. फोन बिघडला असेल म्हणून डॉक्टर लबीबना मला फोन करायला लावला. तो ठणठणीत वाजला. चार वाजता निहालकडून फुलांच्या गुच्छाचं एक चित्र आलं, खाली लिहिलं होतं: ‘तुम्ही गडबडीत असाल.’ मी गडबडीत नव्हतो. करपलेलं भांडं घासत होतो. ते घासताना मला जेवढं एकटं वाटलं तेवढं सुआद गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

शनिवारी मी इस्त्रीचा सूट घालून दुसऱ्या मजल्यावर गेलो. पुस्तकाची मुदतही संपत आली होती, आणि उशीर झाल्यास पाल्याला समज देण्यात येईल असं कार्डावर छापलं होतं.

मदाम फौकियांनी दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि आतून दोन खुर्च्या आणल्या. एकट्या बाईच्या घरात मी पाऊल टाकणं बरं दिसलं नसतं. त्यांनी खुर्च्या जिन्याजवळ, बंद लिफ्टच्या दारासमोर मांडल्या आणि मधल्या स्टुलावर चहा ठेवला. वरच्या मजल्यांवर दोन-तीन दारं हळूच किलकिली झाल्याचं ऐकू आलं.

“मदाम,” मी म्हणालो, “फार मोठा गैरसमज झालाय.”

“माझा नाही झाला. तेहतीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्यात मी. मागणी कशी घालतात ते मला कळतं. तुम्ही मत मागितलं होतंत.”

“मग दहा दिवस तुम्ही बोलला का नाहीत?”

“मत लिहीत होते.” त्यांनी चार पानं माझ्या हातात दिली. सुवाच्य अक्षर, समासासकट. “माझं मत शेवटचं कुणी कधी विचारलं ते मला आठवत नाही, उस्ताद. भाजीवालासुद्धा विचारत नाही, आपणच निवडून पिशवीत टाकतो. म्हणून म्हटलं, नीट लिहू. आणि...” त्यांनी चहा ढवळला. तो आधीच ढवळलेला होता. “आणि या दहा दिवसांत लोक मला बघून उभे राहत होते. दुकानात पुढे घेत होते. म्हटलं, असू दे थोडे दिवस.”

मी चहा प्यायलो.

“तुम्ही मला एक सांगा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही कशाला वाचताय हे?”

मी सांगितलं. अकरा मिनिटं, नऊ मुद्दे, सोमवार, फुलांचा गुच्छ, सगळं.

“हे तिला सांगितलंत?”

“नाही. तिला मी मुद्दे सांगणार होतो.”

“मुद्दे राहू द्या,” मदाम फौकिया म्हणाल्या. मग उठल्या, जिन्याच्या पोकळीत मान घालून वर्गातल्या आवाजात कडाडल्या, “डॉक्टर लबीब! ऐकून झालं असेल तर दार लावा! लग्न नाही!”

वर दारं लागली. खालून शहाताचा पडलेला आवाज आला, “मग लिफ्टचं काय?”

पुस्तक घेऊन मी तीन मजले चढलो, दम घेतला आणि निहालला फोन लावला. आजवर मी तिला आपणहून कधीच फोन केला नव्हता. ती कामात असेल, झोपली असेल, मुलांना आपण त्रास देऊ नये, असं काहीबाही मी स्वतःला सांगत आलो होतो.

“बाबा? काय झालं? बरं नाहीये का? दवाखान्यात आहात?”

“नाही, नाही. बरा आहे. ते... तालियाबद्दल जरा बोलायचं होतं.”

“कोण तालिया?”

“कादंबरीतली. ‘मधल्या मजल्यावर तू’.”

“अहो, ती होय! ती मी कधीच सोडली, बाबा. लिफ्टमध्ये अडकल्यावर मला कंटाळाच आला.”

मी वहीकडे पाहिलं. नऊ मुद्दे, शिवाय चार पानं समासासकट. मी वही मिटून बाजूला ठेवली.

“निहाल, लग्नबिग्न काही नाही. सगळा घोटाळा झाला. मी ते पुस्तक वाचलं, कारण तुझ्याशी बोलायला माझ्याकडे काहीच नसतं. जेवलो आणि गोळी घेतली, एवढं सांगून झालं की संपतं. मी आठवडाभर शुक्रवारची वाट बघतो आणि शुक्रवारी मला काही सुचत नाही. मला इथे फार एकटं वाटतं गं.”

फोन कट झाला असं वाटून मी तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता.

“मलाही, बाबा,” निहाल म्हणाली. “मलाही इथे फार एकटं वाटतं.”

त्यानंतर मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंच नाही. फोनही कुणी ठेवला नाही.